गरजणारा स्पीकर आणि मुकं इंजिन

खेळण्यांना वाचा होती आणि माणसांना ती ऐकू येत नव्हती, त्या काळची ही गोष्ट. हेरंबकाकांनी टेबलावर छोटी रेल्वे मांडली होती. तिथलं काळं इंजिन मालगाडीचे डबे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर न्यायचं, जोडायचं, सोडायचं, तेही मुकाट्याने.

काकांना त्याची फिल्म काढायची होती. आवाज खऱ्या गाडीचा हवा, म्हणून त्यांनी टेबलाखाली स्पीकर बसवला. पहिली शिट्टी मारताच स्पीकरची खात्री पटली, की डबे आपल्यामुळेच हलतात.

"तू नुसतं पुढे मिरवतंस. ओढतो मी," तो इंजिनाला म्हणाला.

"असं? मग आज तूच ओढ," म्हणत इंजिन अडून बसलं.

कॅमेरा सुरू झाला. स्पीकर धडधडला, फुसफुसला, त्याने डबे जोडल्याचा खणखणाटही केला. डबे तसूभरही हलले नाहीत. आता काकांना कळेल, असं इंजिनाला वाटलं. काका मात्र डोळे मिटून ऐकत होते. "वा! अगदी खरी गाडी!"

संध्याकाळी शेजारचे निवृत्त स्टेशनमास्तर तांबे फिल्म बघायला आले.

"अहो, पण गाडी हलत का नाही?" काकूंनी विचारलं.

"वहिनी, खरी मालगाडी तरी कुठे हलते?" तांबे गहिवरून म्हणाले. "किती हुबेहूब!"

काकांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन पुसून खोक्यात ठेवलं आणि स्पीकरच्या जोडीला आणखी एक स्पीकर आणला.