टिल्लूच्या गाडीचं चाक

एक होता उंदीर. एवढुस्सा! नाव त्याचं टिल्लू. एका कारखान्यात खोक्यामागे राहायचा. त्याची बहीण ठमी. ठमीचा पाय मुरगळलेला. आणि आज होती उंदरांची जत्रा!

"दादा, मला ने ना जत्रेला!"

"नेतो की! बस गाडीत."

गाडी म्हणजे काडेपेटी बरं का! चार चाकांची. निघाली गाडी. खुडखुड खुडखुड. वाटेत आलं गटार.

"दादा, गटार केवढं आहे बघ तरी!"

"अगं, बघायचं काय त्यात? जाते की उडी!"

टुणुक! धप्प! गाडी काठावर आपटली. एक चाक निघालं. गटारात पडलं. डुबुक!

झालं का कल्याण? ठमी रडायला लागली. "आता माझी जत्रा?"

टिल्लूला फार वाईट वाटलं. ठमीला त्याने खोक्याजवळ बसवलं. मग गेला चाकं बनवणाऱ्या मशीनकडे. टुणुक टुणुक.

"मशीनदादा, चाक दे. ठमी जाईना जत्रेला!"

मशीन म्हणालं, "कसं देऊ? सकाळी आपटलो ना मी! खाड्! खट्! ठप्प! माझा कटर मोडला. कटर म्हणजे माझा दात. कटर आण, मग चाक देतो."

टिल्लू गेला कपाटाकडे. टुणुक टुणुक.

"कपाटदादा, कटर दे. मशीन देईना चाक, ठमी जाईना जत्रेला!"

कपाट म्हणालं, "कुठला देऊ? लांब देऊ? आखूड देऊ? जाडा देऊ? बारीक देऊ?"

आतून लांब कटर ओरडला, "मला न्या! मी सगळ्यांत उंच!"

"गप रे!" कपाट म्हणालं. "टिल्लू, माप आण, मग कटर देतो."

माप कोण देणार? व्हर्निअरताई! चिमटा असलेली मापपट्टी. टिल्लू गेला. टुणुक टुणुक.

"व्हर्निअरताई, माप दे. कपाट देईना कटर, मशीन देईना चाक, ठमी जाईना जत्रेला!"

ताई म्हणाली, "शी! माझा चिमटा बघ. तेलाने चिकट चिकट! फडकं आण, मग माप देते."

टिल्लू गेला फडक्याकडे. टुणुक टुणुक.

"फडक्या, ताईला पूस. ताई देईना माप, कपाट देईना कटर, मशीन देईना चाक, ठमी जाईना जत्रेला!"

फडकं म्हणालं, "मीच काळंकुट्ट! मी काय पुसणार, कपाळ? मला धुऊन आण, मग पुसतो."

टिल्लू गेला पारूमावशीकडे. मावशी कारखान्यात चहा करायची. टुणुक टुणुक.

"मावशी, फडकं धू. फडकं पुसेना ताईला, ताई देईना माप, कपाट देईना कटर, मशीन देईना चाक, ठमी जाईना जत्रेला!"

मावशी म्हणाली, "थांब रे बाबा! हसनचाचा रुसून बसलेत. मशीन चालवतात ना, ते! त्यांचा चहा मी चारदा गरम केला. ते चहा पितील, मग फडकं धुते."

टिल्लू गेला चाचांकडे. टुणुक टुणुक.

"चाचा, चहा प्या. मावशी धुईना फडकं, फडकं पुसेना ताईला, ताई देईना माप, कपाट देईना कटर, मशीन देईना चाक, ठमी जाईना जत्रेला!"

चाचा कोपऱ्यात बसले होते. मशीनकडे पाठ करून.

"नको मला चहा," चाचा म्हणाले. "कटर माझ्याच हातून मोडला. नवा लावला, आणि मोजलाच नाही! म्हटलं, बसेल की! तो निघाला लांब. आपटला खालच्या लोखंडावर. आता सगळे मला हसतील."

 टिल्लूच्या मिशा खाली लोंबल्या. मग हळूच म्हणाला, "चाचा, मीपण गटार मोजलं नाही. म्हटलं, जाते की उडी!"

चाचांनी वळून पाहिलं. "तूपण?"

"मीपण!"

चाचा हसले. खो खो खो! टिल्लूपण हसला. खी खी खी!

आणि मग काय विचारता!

चाचा चहा प्याले. भुर्रर्र! मावशीने फडकं धुतलं. छपाक छपाक! पंख्याखाली वाळवलं. फरफर फरफर! फडक्याने ताईला पुसलं. चकाचक! ताईने गाडीच्या दुसऱ्या चाकाचं माप घेतलं. टक्!

ताई म्हणाली, "एवढंसं तर चाक! आखूड कटर पुरे."

"आणि मी?" लांब कटर म्हणाला.

"तू उंच आहेस रे राजा, पण लटपटतोस. तूपण मोडशील."

कपाटाने आखूड कटर दिला. चाचांनी लावला. मोजला. पुन्हा मोजला! मगच बटण दाबलं.

घुर्रर्र! घुर्रर्र! टण्ण! चाक आलं बाहेर. नवंकोरं, चमचम चमचम!

"घे बाळा," चाचा म्हणाले. "ठमीला सांग, चाचांनी पाठवलं." टिल्लूने चाक गाडीला लावलं, ठमीला आत बसवलं.

निघाली गाडी. खुडखुड खुडखुड. आलं गटार. टिल्लू थांबला. शेपटीने मोजायला लागला.

"एक शेपटी... दोन शेपट्या... बापरे, तीन! उडी काही जायची नाही. चल, त्या तिकडच्या फळीवरून जाऊ."

"दादा, लांब पडेल!"

"पडू दे!"

आणि आली की जत्रा! पिपाण्या वाजल्या, पीं पीं! समोर होता उंच पाळणा. ठमीने टाळ्या पिटल्या.

"दादा, बसू?"

"थांब, थांब! आधी मोजू दे!"

चाक फिरलं गरगर, पाळणा गेला वरवर. ठमी पोचली जत्रेला, चला आपण जेवायला!