वेलदोडा खाऊन येणारा शिष्य

एकदा एक कापडाचा व्यापारी आपल्या गुरूंच्या बंद दारापुढे ताटकळत उभा होता. त्या मठीचे दार दिवसा कधी लावलेले त्याने पाहिले नव्हते. आज मात्र आतून कडी होती.

हा व्यापारी दारूच्या आहारी गेला होता आणि गुरूंच्या पायांवर हात ठेवून त्याने ती सोडण्याची शपथ घेतली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकान बंद केले की तो मठीत येई, नमस्कार करी आणि आजचा दिवसही निर्मळ गेला म्हणून सांगे. वृद्ध गुरू संतोषाने मान डोलावत. शिष्याच्या तोंडाला नेहमी वेलदोड्याचा मंद वास येई, त्याचेही त्यांना कौतुक वाटे. बिचाऱ्यांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, तेव्हा वेलदोडा कशासाठी चघळतात हे त्यांना कुठून कळणार? कळले ते व्यापाऱ्याच्या पत्नीकडून. आदल्या दिवशी येऊन तिने सगळे सांगितले. यांचे असेच चालू राहिले तर लेकीला घेऊन भावाकडे निघून जाईन, हेही सांगितले.

दाराआडून गुरू म्हणाले, "तालुक्याच्या गावी दर गुरुवारी दारू सोडलेली माणसे एकत्र बसतात. तिथे जाऊन आल्याखेरीज माझ्याकडे येऊ नकोस."

व्यापाऱ्याला हे फार लागले. गुरूंनी चार शब्द सुनावले असते तर त्याने ते आनंदाने ऐकून घेतले असते. पण घरी पत्नीने माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसून ठेवलेली त्याने पाहिली होती. गुरुवारी तो मुकाट्याने एसटीत बसला.

तालुक्याला उतरल्यावर मात्र त्याची जीभ रेटेना. पानाच्या टपरीवर त्याने विचारले, की इथे सत्संग कुठे भरतो? टपरीवाल्याने मोठ्या आदराने त्याला दत्तमंदिराकडे धाडले आणि आमचे शेटजी तासभर महिलांच्या भजनी मंडळात टाळ्या वाजवून परत आले. लाज माणसाला कुठे नेऊन बसवील, काही सांगता येत नाही.

पुढच्या गुरुवारी त्याने धीर यावा म्हणून आधी स्टँडमागच्या गुत्त्यात दोन घोट घेतले, वर वेलदोडा चघळला आणि त्याच टपरीवर जाऊन खालच्या मानेने पुटपुटला, "दारू सोडलेले लोक कुठे बसतात?"

पोस्टाचा पत्ता सांगावा तसे, पानाला कात लावता लावता टपरीवाला म्हणाला, "नगरपालिकेची शाळा, मागचा वर्ग. चपला आत काढा, बाहेर कुत्री पळवतात."

वर्गात मुलांच्या बाकांवर पाय मुडपून काही माणसे बसली होती. तिथली रीत अशी, की कोणी कोणाला उपदेश करायचा नाही. ज्याने त्याने आपले सांगायचे, इतरांनी ऐकायचे. व्यापाऱ्याची पाळी आली तेव्हा तो गुरूंना सांगायचा तेच त्याने इथेही सांगितले. आपली केव्हाच सुटली आहे, आपण नुसते पाहायला आलो आहोत.

शेजारी एक निवृत्त कंडक्टर बसला होता. आपली पाळी येताच तो शांतपणे म्हणाला, "मी बडीशेप खायचो, शेट. हे मास्तर लवंग चघळायचे. वास कशानंच जात नाही."

सारा वर्ग खदखदून हसला. त्या हसण्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता. व्यापारी आधी संतापला, मग त्यालाही हसू फुटले आणि हसता हसताच रडू कोसळले. आत्ता येतानाच घेतली आहे, असे तो आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलला. कोणी दचकले नाही. कंडक्टरने चहाचा पेला पुढे सरकवला आणि सभा संपल्यावर त्याला घरापर्यंत सोबत केली. पत्नीने विचारण्याआधीच त्याने तिला खरे ते सांगितले. ट्रंक माळ्यावर परत गेली नाही, पण दाराबाहेरही गेली नाही.

मग त्याने गुरुवार चुकवला नाही. लग्नसराई आली, दुकानात गर्दी उसळली, तरी त्या दिवशी तो लवकर कुलूप लावी. पुष्कळ महिन्यांनी तो मठीत गेला, तेव्हा दार उघडे होते. नमस्कार करून त्याने विचारले, "महाराज, माझी एवढी श्रद्धा असताना तुम्ही दार का लावलेत?"

गुरू म्हणाले, "अरे, तू माझ्याकडे यायचास तो चांगला दिसायला. मी शाबासकी दिली की तुझे काम झाले आणि तुझी दारू सुखरूप राहिली. तुला माझ्या कौतुकाची चटक लागली होती, आणि खरे सांगू, मला तुझ्या नमस्काराची. त्या वर्गात तुझा नमस्कार कोणालाच नको आहे. तिथे चांगले दिसायची सोय नाही, म्हणून तिथे बरे होता येते."

व्यापारी उठून घरी निघाला.

इतकी वर्षे तो उंबऱ्यात आला, की पत्नी हातातले काम टाकून आधी त्याच्या डोळ्यांकडे पाही, मग पावलांकडे. आज ती तांदूळ निवडत होती. त्याची चाहूल लागली, पण तिने मान वर केली नाही. हातपाय धुऊन घ्या, पिठले गरम आहे, एवढेच म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

व्यापारी क्षणभर तिथेच थांबला. आपल्याला कोणी तपासले नाही आणि कोणी शाबासकीही दिली नाही, याचे एवढे सुख त्याला आजवर कधी झाले नव्हते.