बस्त्यावशेटचा लिस्बनचा क्रूस

वसईच्या बस्त्याव जमीनदाराला गावात जुनं सोनं दिसलं, की ते त्याच्याच घराण्याचं! गावातल्या नातलबाईच्या लेकीच्या लग्नात नवरीच्या गळ्यातला क्रूस बघून तो फादरपुढे गरजला, "हा आमच्या पणजोबांनी लिस्बनहून घडवून आणलेला. यांनी चोरला!"

नवरी रडायलाच लागली.

नातल म्हणाली, "शेट, इथल्या सोनाराचा नसेल ना?"

"त्याला असं काम जमतंय होय!"

नातलने लेकीच्या गळ्यातला क्रूस काढून उलटा केला. मागे नारळ ठेवलेला कलश! गावचा सोनार लग्नाच्या प्रत्येक दागिन्यावर कलश कोरायचा, तो सवयीने क्रूसावरही कोरून बसलेला.

"मग शेट, लिस्बनला कलश पुजून लग्न लावतात वाटतं?"

फादर खो-खो हसत नवरीला म्हणाले, "घाल गं बाय गळ्यात. वाजंत्रीवाले खोळंबलेत."