तेलकट हातांचा न्याय

एका बंदरावर धनावडे शेठ फायबरच्या होड्या बांधत. त्यांची एक नवी होडी भर समुद्रात उभी चिरली आणि ती हाकणारा जनार्दन तांडेल बुडाला. तेरावा होतो न होतो तोच चौकशीला मच्छीमार सोसायटीची बैठक बसली.

शेठ तिसऱ्यांदा तेच सांगत होते, "माझं काचेच्या धाग्यांचं मॅट पोलादाला भारी, त्यावर ओततो ते रेझिन सुकलं की दगडासारखं. जनार्दननेच होडी खडकावर घातली. तसंच लिहा."

जनार्दनच्या धाकट्या भावाचं, चौथीत शाळा सोडलेल्या मोरेश्वरचं डोकं फिरलं. दादा तर गेलाच, आता त्याच्या नावाला बट्टा? त्याने फुटक्या होडीचा तुकडा टेबलावर आदळला. चिरेतून काचेचे धागे लोंबत होते आणि एकालाही रेझिन चिकटलेलं नव्हतं.

"शेठ, तुमच्या शेडमध्ये मॅटवर डिझेलचे डबे गळतात. तेलकट धाग्याला रेझिन धरणार कसं?"

"अरे, दोन्ही माल एक नंबर आहे," शेठ हसले. "तुला काय कळतं यातलं?"

मोरेश्वरने कोपऱ्यातला जाळ्याचा नवा दोर छताच्या तुळईवरून टाकून घट्ट बांधला, शेठचे हात धरले आणि तळव्यांवर होडीच्या डब्यातलं डिझेल ओतलं.

"दोर एक नंबर, हातही एक नंबर. चढा वर."

"आणि घसरलो म्हणजे?" शेठ बोलून गेले.

"घसरलात तर जमिनीवर पडाल. दादाच्या खाली जमीन नव्हती."

सोसायटीच्या अध्यक्षांनी चौकशीचा कागद ओढला आणि दोषी म्हणून लिहिलेलं जनार्दनचं नाव खोडून शेठचं लिहिलं.