रंगवायचा राहिलेला साक्षीदार

हरबाशेठनी आपली जुनी होडी विकायला काढली. निळ्या रंगात ती नवरीसारखी नटली होती. चांगुणाबाईंचा एकुलता एक मुलगा तीच विकत घेऊन खोल समुद्रात जाणार होता, म्हणून बाई होडीभोवती दोनदा फिरल्या; तरी जीव थाऱ्यावर येईना.

"काय बघतेस, चांगुणे? हिच्या पोटात कधी थेंबभर पाणी आलं नाही. शेठचा शब्द आहे!" हरबाशेठ साऱ्या किनाऱ्यादेखत गरजले.

बाईंनी होडीतल्या बसायच्या फळीखालून पाणी उपसायचा डबा ओढून काढला. त्याची कड झिजून पार कागदासारखी झाली होती.

"मग शेठ, हा एवढा कशानं झिजला?"

"अगो, पावसाचं पाणी उपसून!"

"पावसात?" बाई हसल्या. "पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झोपलेल्या असतात. सगळी होडी रंगवलीत शेठ, साक्षीदार तेवढा रंगवायचा राहिला!"

किनारा खो खो हसला. शेठनी सुताराला हाक मारली. पंधरा दिवसांनी, सगळे सांधे नव्याने भरून, तीच होडी चांगुणाबाईंच्या मुलाला घेऊन पाण्यात उतरली.

त्या झिजलेल्या डब्यात आता बाईंच्या अंगणातली अबोली फुलते.