पाहुणीचा पहिला घोट

एका राज्यात, जिथल्या नद्या भर दुपारी घटकाभर थांबून विसावा घेत, वीरकेतू नावाचा राजा होता आणि सुवेणी नावाची त्याची राणी होती. राजा मनाचा मोठा, पण तहान लागली की त्याला धीर म्हणून नसे. एकदा धूम्रकंठ नावाचा मांत्रिक उन्हातान्हातून पाहुणा आला. पहिला घोट पाहुण्याचा, ही त्या राज्याची रीत. पण सरबताचा पेला समोर आला मात्र, राजाने तो पाहुण्याच्या देखत घटाघटा रिकामा केला.

मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझ्यापाशी जाग आहे, वाचा आहे, माया आहे. तिन्ही मी नेतो." एवढे बोलून तो धूर झाला आणि खिडकीवाटे निघून गेला. राजा बसल्या जागी झोपला, तो काही केल्या उठेना.

राजवैद्यांनी हात टेकले. राणीच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, "राणीसाहेब, पूर्वेच्या डोंगरावर लाल फळांचं झुडूप आहे, त्याच्या बीत जाग आहे. धुक्याच्या बागेतल्या पानात वाचा आहे. नागाच्या राईत खोडालाच फळ धरणारं झाड आहे, त्यात माया आहे. पण घाई कराल तर हाती काही लागायचं नाही."

"मी कधी घाई केली?" राणी म्हणाली आणि एका पायात लाल, एका पायात हिरवी मोजडी घालून निघालीसुद्धा.

डोंगरावर यक्ष होता. तो म्हणाला, "फळं ने, पण बी माझ्या चुलीवर भाजून दाखव." राणीने फळे सोलून बिया वाळवल्या आणि चुलीत लाकडे कोंबली. बियांचा कोळसा झाला. पुन्हा नव्या बिया घेतल्या, आच मंद केली, हात दुखेस्तोवर हलवत राहिली. बिया तडतडल्या, तपकिरी झाल्या, तशी तिने कढई उतरवली. वास डोंगरभर गेला. यक्षाने डोळे मिटून वाट सोडली.

धुक्याच्या बागेत एक म्हातारी राहत होती. तिने राणीकडून कोवळी पाने खुडवली, सावलीत कोमेजवली, तळहातांवर वळवून घेतली आणि तांबूस झाल्यावर वाळवली. मग म्हणाली, "आता मला पाजून दाखव." राणीच्या माहेरी औषध म्हटले की अष्टमांश काढा, आठ वाट्यांचा आटवून एक. तिने पानेही तशीच रटारटा उकळली. म्हातारीने घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"बाई, पान आहे हे, मुळी नव्हे. पाणी उकळ, खाली उतरव, पान घाल, झाकण ठेव आणि गप्प बस."

गप्प बसणे राणीला फार जड गेले, पण बसली. पेल्यात सोनेरी पाणी उतरले, तशी म्हातारीने तिला पाने बांधून दिली.

राईतल्या झाडाला एकच फळ होते आणि खाली नाग. नाग म्हणाला, "फळ फोड. आतल्या बिया गरासकट केळीच्या पानांत झाक. त्या आपल्या उबेने पिकतील. आधी पान उचललंस तर दंश करीन." राणी हात मांडीखाली दाबून बसून राहिली. दिवसांमागून दिवस गेले. बिया पिकल्या, वाळल्या, मग तिने त्या भाजल्या, सोलल्या आणि पाट्यावर इतक्या वाटल्या की त्यांचे त्यांनाच तेल सुटले.

"हे एका पेल्यापुरतंच," नाग म्हणाला. "राजाने तळापर्यंत प्यायला हवं. घोटभर उणं पडलं तर माया परतायची नाही."

राणी महाली आली. भाजल्या बियांच्या पुडीवर तिने कढत पाणी ओतले, गाळ बसू दिला, वरचे निवळ पाणी राजाच्या ओठी लावले. राजाने डोळे उघडले. मग झाकून मुरवलेले पानांचे पाणी दिले. राजाने घसा खाकरला.

"बाई, आपण कोण?"

या माणसाने राणीला जन्मात कधी बाई म्हटले नव्हते. तिने दुधात गूळ आणि वाटण घातले, फेस येईतो रवीने घुसळले आणि पेला पुढे केला.

राजाचा घसा सुकून गेला होता. त्याने पेला ओठांपर्यंत नेला आणि थांबला.

"आपण दुरून आलेल्या दिसता. पहिला घोट पाहुण्याचा."

"नको महाराज! हा सगळा आपल्यासाठीच आहे."

"मग मीही घेणार नाही."

राणीने साळुंकीकडे पाहिले. साळुंकीने मान फिरवली. घोट घ्यावा तर हा माणूस आपल्याला कधीच ओळखणार नाही. न घ्यावा तर तो तहानेला राहणार. पण राजा पेला धरून वाट पाहत होता. वीरकेतू, आणि वाट पाहत होता! तिला ते इतके गोड वाटले की रडता रडताच तिने घोट घेतला आणि पेला परत दिला.

राजा उरलेला पेला तळापर्यंत प्यायला. मिशीला फेस लागला. त्याची नजर राणीच्या धुळीने माखलेल्या पायांवर गेली.

"सुवेणी," तो म्हणाला, "आजही दोन मोजड्या दोन जोडांतल्या?"

तेवढ्यात खिडकीतून धूर आत आला आणि त्याचा धूम्रकंठ झाला. राजाने स्वतः उठून त्याला पाट दिला. "राजा," मांत्रिक म्हणाला, "पाहुण्याला दिलेला घोट उणा धरत नाहीत. तुझ्या हातून जे राहिलं होतं ते झालं. शाप सरला." राणीने त्याच्यासाठी पाणी उकळले, उतरवले, पाने घालून झाकण ठेवले आणि पहिला पेला त्याला दिला.

तेव्हापासून त्या राज्यात पहिला घोट पाहुण्याचा, दुसरा करणारणीचा आणि मग राजाचा. नद्या अजून दुपारी थांबतात. आणि मंडळी, ऐकता ऐकता तुमचा पेला निवत चालला आहे, तो घ्या आता.