कनकलेखेने वळलेली दोरी

एका राज्यात, जिथे साळुंक्या बोलत आणि माणसं मुकाट्याने ऐकत, वज्रसेन नावाचा राजा होता. त्याच्या धनुष्यात एक यक्षिणी राहत असे. बाण सोडून झाला की दोरी उतरवून ठेवायची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणे. पण मोठं युद्ध जिंकलं आणि राजाला काय हुक्की आली कोण जाणे! त्याने चढवलेलं धनुष्य तसंच वेशीवर टांगलं.

"जगाने पाहावं," तो म्हणाला, "वज्रसेन सदा सज्ज आहे!"

ऊन आलं, पाऊस आला. दोरीचं मेण वितळून गेलं, तंतू विसविशीत झाले. ताणून ताणून बिचाऱ्या धनुष्याची पाठ भरून आली. एके सकाळी दोरी तट्‌कन तुटली आणि यक्षिणी बाहेर आली.

"राजा, तू मला विसावा दिला नाहीस. तुझीही झोप मी नेते. काळ्या डोंगराच्या शिळेत कोंडते. याच धनुष्याच्या बाणाने शिळा फोडा, म्हणजे सुटेल. पण जिथे विसावा नाही, तिथे ती उतरायची नाही."

झालं! राजाचे डोळे उघडे ते उघडेच. अंगावर मांस राहिलं नाही. वैद्यांनी माना हलवल्या. राजाची एकुलती लेक कनकलेखा रडरड रडली, मग डोळे पुसून धनुष्यापाशी गेली. एकेक दोरी चढवावी, तर तटातट तुटे.

तेव्हा खिडकीतली साळुंकी खेकसली, "राजकन्ये, याला बाजारची दोरी चालत नाही! मूर्वेच्या पानांतला वाख, रानमाश्यांचं मेण आणि गुहेतल्या कोळिष्टकाचं सूत आण."

कनकलेखा धावतच निघाली. मूर्वेच्या बनात नाग राखण करी. तो फुत्कारला, "ओरबाडलंस तर डसेन. पानं पाण्यात सडू दे, मग धू." पानं सडेपर्यंत ती ओढ्याकाठी बसून राहिली. पांढराशुभ्र वाख हाती आला.

रानमाश्या म्हणाल्या, "आम्हांला निजव, मेण ने." लहानपणी बाबा म्हणत तीच अंगाई तिने म्हटली. पुरी होईतो ती थांबली नाही. पोळं गप्प झालं.

गुहेतला कोळी म्हणाला, "मी पोटातलं सूत देतो. तू काय देशील?" तिने कमरेएवढी वेणी कापून पुढे ठेवली. मागे वळूनही पाहिलं नाही.

वाड्यात येताच तिने वाखाला पीळ घातला, दोन्ही टोकांना फासे केले. दोरीवर मेण चोळलं आणि चामड्याच्या तुकड्याने इतकं घासलं, की हात भाजले आणि मेण आत मुरलं. बाण जिथे बसतो, तिथे मधोमध कोळ्याचं सूत घट्ट गुंडाळलं. धनुष्य चढवलं. टणत्काराने कबुतरं उडाली!

बाण सुटला. काळा डोंगर हादरला, शिळा फुटली आणि राखी पंखांची झोप भरारत आली. सारं नगर छतांवर चढून ओरडलं. पण झोप वाड्यावर घिरट्या घालू लागली. उतरेचना!

सेनापती गर्जला, "जय हो! धनुष्य असंच वेशीवर टांगा!"

लाल डोळ्यांचा राजाही उठून बसला. "टांगा," तो म्हणाला. "शत्रूला पाहू द्या."

कनकलेखेने वर पाहिलं. झोप फिरतच होती, हातात धनुष्य ताणलेलंच होतं. तिला यक्षिणीचा शब्द आठवला.

"नाही, बाबा."

"मी राजा आहे!"

"आणि मला तुम्ही हवे आहात."

तिने धनुष्य गुडघ्याशी वाकवलं, फासा सरकवला, दोरी उतरवली. गुंडाळी करून मऊ पिशवीत ठेवली. धनुष्याने असा लांब सुस्कारा सोडला, की पडदे हलले.

"अगं, पण शत्रू आला तर..." राजा म्हणाला, आणि पुढचा शब्द घोरण्यात गेला. झोप त्याच्या पापण्यांवर बसली होती.

यक्षिणी धनुष्यात परतली. लोक चपला हातात घेऊन घरी गेले. राजा असा घोरला, की साळुंकीने शिव्या घालत घरटं हलवलं. आणि पुढे शत्रू आला तेव्हा, ताज्या डोळ्यांच्या वज्रसेनाने आधी लेकीकडे हात पुढे केला.

"दोरी दे," तो म्हणाला. "परत आलो, की माझ्या हाताने उतरवीन."

आणि त्याने ती उतरवली.